जर्मनीच्या तिसऱ्या फुटबॉल लीगमध्ये एक मोसम, उभ्याने

आधी माझा गाढवपणा सांगतो. म्युनिकचा सामना बघायला मी शनिवारचं स्वस्तातलं, पैसे परत न मिळणारं रेल्वे तिकीट काढून ठेवलं. सामना लागला रविवारी. ड्रिटे लीगाच्या, म्हणजे या तिसऱ्या लीगच्या, वेळापत्रकात सुरुवातीला फक्त आठवडा ठरलेला असतो. शुक्रवार, शनिवार की रविवार, ते काही आठवडेच आधी कळतं. तोवर काही बुक करू नका.

२०२४-२५चा मोसम मी बीलेफेल्डमध्ये काढला. 'हे शहर अस्तित्वातच नाही' हा जर्मनांचा १९९४पासूनचा लाडका विनोद. २०१९मध्ये पालिकेने ते सिद्ध करणाऱ्याला चक्क १० लाख युरो देऊ केले होते! इथला क्लब आर्मिनिया. मैदानाला सगळे 'आल्म'च म्हणतात. ४ नंबरच्या ट्रामने रुडॉल्फ-ओटकर-हाले स्टॉपला उतरायचं आणि गर्दीच्या मागे चालायचं.

तिकीट श्टेप्लात्सचं, म्हणजे उभ्या जागेचंच घ्या. स्वस्त तर असतंच, पण खरी मजाही तिथेच. निवेदक खेळाडूचं पहिलं नाव पुकारतो, आडनाव अख्खं स्टँड ओरडतं. दोन सामन्यांत तुम्हीही ओरडू लागता. पाहुण्या संघाचा मफलर घालून मात्र यजमानांच्या कट्टर चाहत्यांत शिरू नका. मोठी सॅक खोलीवरच ठेवा. बियरच्या ग्लासाची अनामत घेतात, ग्लास परत केला की पैसे मिळतात.

एसेनला जायला बीलेफेल्डहून आरई ६ ही प्रादेशिक गाडी थेट आहे आणि तिच्यात डॉइचलांड-टिकेट हा देशभर चालणारा मासिक पास चालतो (२०२५मध्ये महिना ५८ युरो होता). वेगवान आयसीई गाड्यांत तो चालत नाही. तिथला क्लब रोट-वाइस एसेन १९५५चा जर्मन विजेता, म्युनिकचा '१८६०' नावाचा क्लब १९६६चा. असे दिग्गज आज तिसऱ्या पायरीवर दिसतात, म्हणून तर ही लीग बघायची. १८६०चं ग्र्युनवाल्डर स्टेडियम गीझिंगच्या वस्तीत, यू-१ मेट्रोने वेटरश्टाइनप्लात्सला उतरा. तिथल्या वेस्टकुर्वेवर, म्हणजे पश्चिमेकडच्या स्टँडवर, छप्पर नाही, तेव्हा रेनकोट हवाच. नोव्हेंबरनंतर काँक्रीटचा गारठा तळपायातून वर चढतो. जाड तळाचे बूट आणि दोन जोड मोजे घाला.

आर्मिनिया त्या वर्षी वेडीच झाली होती. जर्मन कपमध्ये युनियन बर्लिन, फ्रायबुर्ग, ब्रेमेन आणि लेव्हरकुझेन, बुंडेसलिगाचे, म्हणजे पहिल्या लीगचे, चार संघ गारद! २४ मेच्या बर्लिनमधल्या अंतिम सामन्याचं तिकीट मला मिळालं नाही. पडद्यावर बघितला. श्टुटगार्टने २८ मिनिटांतच तीन गोल ठोकले, पुढे ४-०. शेवटच्या दहा मिनिटांत आमचे दोन झाले आणि शेजारचे आजोबा, जे तोवर गप्प बसले होते, खुर्चीवर उभे राहिले. हरलो ४-२. लीग मात्र जिंकली होती, त्यामुळे पुढच्या मोसमात दुसऱ्या लीगची तिकिटं काढावी लागणार होती.