तुम्ही विचारलेत म्हणून: हॉटेल असताना व्हॅन कशाला?

"एवढा पैसा राहण्याच्या व्हॅनमध्ये घालून शेवटी समुद्रकाठी बोर्डीला जाऊन चार व्हॅनवाल्यांच्या शेजारीच गाडी लावायची, तर मग सरळ हॉटेलात का राहत नाही?" नाशिकमध्ये हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे की, एकदाचे सविस्तर उत्तर द्यावे असे वाटते.

माझी पत्नी पोटाच्या डायलिसिसवर आहे, हे विचारणाऱ्यांना ठाऊक असते. ते काय असते, हे मात्र त्यांनी पाहिलेले नसते. दिवसातून चार वेळा पोटातला द्रव काढून दोन लिटरची नवी पिशवी सोडावी लागते. नळी जोडताना आणि सोडवताना दारे-खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, कारण जरा हयगय झाली तर पोटाच्या आवरणाला जंतुसंसर्ग होतो.

व्हॅन घेण्यापूर्वी आम्ही किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात उतरलो होतो. फोनवर सर्व सांगूनच खोली घेतली होती. पडद्याच्या दांडीला पिशवी अडकवली होती, जुना द्रव खालच्या पिशवीत उतरून झाला होता, नवा पोटात चालला होता, आणि दारावर थाप पडली. सकाळी काढलेल्या द्रवाची पिशवी सफाई करणाऱ्याच्या नजरेस पडली होती. इतर पाहुण्यांना किळस वाटेल, खोली आत्ताच रिकामी करा, असे बाहेरून सांगितले जात होते. पत्नी नळीवरची पकड न सोडता म्हणाली, "दार उघडू नका." मी उघडले नाही. थापा वाढत गेल्या, तिने पिशवी संपेपर्यंत वाट पाहिली, नळी नेहमीच्याच क्रमाने सोडवली, टोपण बसवले आणि मगच साडी सारखी केली. संध्याकाळी आम्ही त्र्यंबकच्या दिशेने परतीला लागलो. जव्हारपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

व्हॅनच्या छताला आता पिशवीसाठी पक्का हूक आहे, आणि ती कोरड्या उष्णतेने कोमट करण्यापुरती वीज बारा व्होल्टच्या बॅटरीवर सहज मिळते. काढलेला द्रव आमच्याच शौचालयाच्या टाकीत जातो, बोर्डीला आम्ही गाडी लावतो त्या वाडीच्या मातीत नाही.

तरीही इतर व्हॅनवाल्यांची सोबत कशाला, हे विचारणे रास्त आहे. कोणाच्या उपकाराखाली राहायचे नाही म्हणूनच व्हॅन घेतली, असे पूर्वी मीच सांगत असे, आणि ते म्हणणे मला आजही खोटे वाटत नाही. पण बोर्डीला तिची वेळ झाली की कोणी न सांगता शेजारची मुले सुरूच्या बनाकडे नेली जातात आणि आमच्या दारापाशी कोणी धूळ उडवत गाडी काढत नाही. बाकी वेळ बॅटऱ्या आणि खाऱ्या हवेने गंजणारे पत्रे यांवर बोलण्यात जातो. तिच्या आजाराची चौकशी होत नाही. पापलेट तळले की तिचे ताट आधी भरते, कारण या डायलिसिसमध्ये शरीरातली प्रथिने वाहून जातात, हे आता सगळ्यांना माहीत आहे.

हे सारे तिच्यासाठी की माझ्यासाठी, हा प्रश्न तुम्ही विचारत नाही. तो मीच तिला विचारला होता. ओहोटीला पाणी फार आत जाते आणि तिला तितके चालवत नाही, म्हणून ती बहुतेक वेळ वाडीतच बसून असते. "घरी बसले असते तरी चालले असते," असे ती म्हणाली, आणि पुढच्या खेपेच्या पिशव्यांची यादी माझ्या हातात दिली. यांतले कोणते तिचे खरे उत्तर मानावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.