कोबाल्ट खरंच प्रथिनात बसलाय का?

स्नायूतल्या मायोग्लोबिन या प्रथिनातलं लोह काढून तिथे कोबाल्ट बसवला, की प्रकाशात ते पाण्यातून हायड्रोजन काढू शकतं. पण शिशीतून हायड्रोजन निघाला म्हणजे तो या मायोग्लोबिननेच काढला, असं नाही. सुटा कोबाल्टही तेच काम करतो. म्हणून खरी मेहनत दिवा लावण्याआधीच आहे.

घोड्याच्या हृदयाचं मायोग्लोबिन बर्फात ठेवून पीएच २ पर्यंत उतरवा आणि तेवढंच बर्फगार ब्युटॅनोन (एक सेंद्रिय द्रावक) घालून हलवा. हीम, म्हणजे लोह धरून ठेवणारा रंगीत गाभा, वरच्या थरात जातं. खालचं पाणी तपकिरी दिसलं तर पुन्हा धुवा. मग थंडीतच डायलिसिस (पातळ पडद्यातून लहान रेणू बाहेर काढणं): आधी विरळ बायकार्बोनेट, नंतर बफर. इंदूरच्या मे महिन्यात हे टेबलावर करायला जाल तर रिकामं प्रथिन गढुळून खाली बसेल. कोबाल्ट प्रोटोपॉर्फिरिन (हीमच, पण लोहाऐवजी कोबाल्टचं) किंचित डीएमएसओ या द्रावकात विरघळवून थेंबथेंब घाला, प्रथिनाच्या साधारण सव्वापट मोल. रात्रभर ४ अंशांवर ठेवा, मग डिसॉल्टिंग कॉलम (प्रथिनात न बसलेले लहान रेणू वेगळे करणारी नळी). हा कॉलम टाळला की पुढचे सगळे आकडे संशयित. कोबाल्ट बसला का, ते प्रकाशशोषणातून कळतं: लोहाच्या मेटमायोग्लोबिनचं (मूळ, ऑक्सिडाइझ झालेल्या रूपाचं) शिखर ४०९ नॅनोमीटरला येतं, कोबाल्टचं ४२५ च्या आसपास. शंका उरलीच तर कोबाल्टची क्ष-किरण कडा (जिथे त्याचं क्ष-किरण शोषण एकदम वाढतं) ७.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला आहे, आणि इंडस-२ सिंक्रोट्रॉन (प्रखर क्ष-किरण देणारं यंत्र) तर आपल्या इंदुरातच.

शिशीत प्रथिन २ मायक्रोमोलर, रुथेनियम ट्रिसबायपिरिडीन (प्रकाश शोषणारं रंगद्रव्य) १ मिलिमोलर, अ‍ॅस्कॉर्बेट १०० मिलिमोलर (हे इलेक्ट्रॉन पुरवतं). अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल तसंच ओतू नका! पीएच ३ च्या खाली जातो आणि प्रथिन उलगडतं. सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट घ्या, पीएच ६.५ ला आणा. सेप्टम (सुईने टोचता येणारं रबरी बूच) लावून अर्धा तास आर्गॉन सोडा, मग ४५० नॅनोमीटरचा निळा एलईडी, सोबत पंखा.

हिशेब आधीच मांडून ठेवा. २ मिलिलिटरमध्ये ४ नॅनोमोल उत्प्रेरक (आपलं प्रथिन), त्याच्या प्रत्येक रेणूने १०० फेऱ्या केल्या तरी हायड्रोजन जेमतेम १० मायक्रोलिटर. त्यामुळे हायड्रोजन मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफला वाहक वायू आर्गॉनच हवा; तो उष्णतावाहकतेतला फरक टिपतो. हेलियमची उष्णतावाहकता हायड्रोजनच्या जवळ, शिखर दिसेनासं होतं.

तुलनेच्या शिश्या: अंधारातली, प्रथिनाविना, नुसत्या कोबाल्ट क्लोराइडची, आणि सुट्या पॉर्फिरिनची. शेवटची दोन बहुतेकजण गाळतात, नेमकी तीच महत्त्वाची.

काही तासांनी वायू थांबतोच. थोडं ताजं रुथेनियम टोचा. पुन्हा सुरू झाला तर रंगद्रव्य मेलं होतं. नाही झाला तर ताजं प्रथिन टोचून बघा. तरीही ढिम्म, तर इलेक्ट्रॉन देऊन झाल्यावर साठलेलं डिहायड्रोअ‍ॅस्कॉर्बेट इलेक्ट्रॉन परत ओढतंय.