तुम्ही विचारलंत म्हणून: हर्मिटेजच्या गावात 15 कोपेकचा खेळ

लेकीकडे सेंट पीटर्सबर्गला जाऊन आलो तेव्हापासून भेटेल तो हेच विचारतो, "हर्मिटेजसारख्या जगप्रसिद्ध कलासंग्रहालयाला दोन तास आणि गेमच्या मशिनींपाशी अख्खी दुपार? असं काय होतं तिथे?"

तर सांगतो. तिथल्या कोन्युशेन्नाया चौकात सोव्हिएत काळातल्या आर्केड मशिनींचं संग्रहालय आहे. तिकिटाबरोबर 15 कोपेकची जुनी नाणी हातावर ठेवतात. कोपेक म्हणजे आपल्या पैशासारखा, रूबलचा शंभरावा भाग. सोव्हिएत संघ 1991 मध्ये मोडला, ते चलनही गेलं, पण या मशिनींना अजून तेच नाणं लागतं. ‘हात लावू नका’ नाही. टाका नाणं आणि खेळा.

माझी हयात कारखान्यात मेंटेनन्सला गेली. ‘मोर्स्कोय बोय’, म्हणजे सागरी युद्ध, या मशिनीपाशी मी खिळलोच. पाणबुडीसारखा पेरिस्कोप, त्याला डोळे लावायचे, दोन्ही मुठी धरायच्या. लांब क्षितिजावर जहाज सरकत असतं. बटण दाबलं की पाण्याखालून उजेडाची रेघ धावत जाते, तो आपला टॉर्पेडो. असे दहा मिळतात. माझे पहिले चार वाया गेले, कारण मी नेम जहाजावरच धरत होतो. लेक म्हणाली, "बाबा, जरा पुढे मारा." पाचवा लागला. भपकन उजेड, स्फोटाचा आवाज! आत ना पडदा, ना संगणक. आरसे, दिवे आणि सरकती जहाजं. एवढ्याशा पेटीत त्यांनी मैलभर समुद्र मावेलसा केलाय.

लष्करी सामान बनवणाऱ्या कारखान्यांत ही मशिनं तयार व्हायची. मूठ धरली की पटतं. पुढे बागांतून, मुलांच्या शिबिरांतून ती अडगळीत गेली. मॉस्कोतल्या काही विद्यार्थ्यांनी ती शोधून आणली, दुरुस्त केली आणि 2007 मध्ये एका वसतिगृहाच्या तळघरात पहिलं संग्रहालय उघडलं. मला त्यांचं मोठेपण वाटतं ते मशिनं चालती ठेवण्यात. रंग मारून काचेत ठेवणं सोपं होतं. चालवायची म्हटली की बटणं झिजणार, स्प्रिंगा तुटणार, सुटे भाग बाजारात नाहीत, एका मशिनीतला काढून दुसरीला लावायचा. पण रिले, म्हणजे विजेवर चालणारा आतला स्विच, पडून राहिला की त्याचे कॉन्टॅक्ट खराब होतात, हे मी तीस वर्षं पाहिलंय. मशीन वापरात असलं तरच ते मशीन.

शेवटी ‘रेप्का’पाशी गेलो. रेप्का म्हणजे सलगम. एका रशियन लोककथेत आजोबा, आजी, नात, कुत्रा, मांजर आणि उंदीर मिळून मोठं सलगम उपटतात. इथे मूठ ओढायची, आपलं बळ यांतल्या कोणाइतकं ते मशीन सांगतं. आमच्या हिने पदर खोचला. शेजारी उभ्या एका रशियन आजोबांनी खुणेनेच सांगितलं, पाय रोवा. उरलेली तिन्ही नाणी तिथेच गेली.