बेसवाल्यांनी थांबायचं

आवाज फुटला तसं नववीत शाळेच्या गायकवृंदात मला सोप्रानोच्या, म्हणजे सगळ्यांत उंच आवाजाच्या, रांगेतून उठवून मागे, बेसमध्ये, म्हणजे सगळ्यांत खालच्या आवाजात, उभं केलं. तोवर गाणं म्हणजे पेटी सुरू झाली की सगळ्यांनी एकदम तोंड उघडायचं, एवढंच ठाऊक होतं. मागच्या रांगेत पहिला धडा मिळाला तो गप्प राहण्याचा.

संगीताच्या सरांनी सायक्लोस्टाइल केलेले कागद वाटले. हात लावला की बोटं काळी. वर नाव होतं पॅलेस्ट्रिना, सोळाव्या शतकातला इटालियन संगीतकार; खाली देवनागरीत लॅटिन: ‘सिकुत चेर्वुस देसिदेरात आद फोन्तेस आक्वारुम’. हरीण जसं झऱ्याच्या पाण्याला आसुसतं, तसा माझा जीव, देवा, तुला आसुसलाय. पवित्र शनिवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवशी, बाप्तिस्म्याच्या पाण्याकडे जाताना म्हणायचं हे स्तोत्र. शाळेमागचं बावखल, म्हणजे पाण्याचं उघडं तळं, तेव्हा तळाला गेलं होतं. हरणाची तहान सरांना वेगळी समजावून सांगावी लागली नाही.

सुरुवात टेनरची. मग आल्टो (हे दोन मधले आवाज), मग पाचवी-सहावीची सोप्रानो पोरं, आणि सगळ्यांत शेवटी आम्ही. चौघांची चाल तीच, पण ज्याची त्याची वेळ वेगळी. पेटी नाही, तबला नाही. “आपल्याकडे एक गातो, बाकीचे साथ करतात,” सर म्हणायचे, “इथं साथीला कुणीच नाही. चौघंही मुख्य गायक.” ‘आक्वारुम’वर सूर असा लांबत वळत जायचा, की पोरं श्वास कुठं घ्यायचा ते विसरायची.

त्याच वर्षी वक्तृत्वस्पर्धेसाठी मी पॅलेस्ट्रिनावर भाषण लिहिलं. ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकात झकास गोष्ट सापडली होती: ट्रेंटच्या धर्मसभेत, म्हणजे सोळाव्या शतकात कॅथलिक चर्चनं भरवलेल्या सभेत, चर्चमधल्या अनेक आवाजांच्या गाण्यावर बंदी येणार होती, या माणसानं एका रात्रीत ‘पोप मार्सेलसची मिस्सा’ (मिस्सा म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेचं संगीत) रचली आणि संगीत वाचलं. सरांनी वाचून आडवी रेघ मारली. “गोष्ट छान आहे. फक्त खरी नाही.”

खरं काय ते त्यांनी व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगितलं. मार्सेलस १५५५ साली जेमतेम तीन आठवडे पोप होता. पण तेवढ्यात, गुड फ्रायडेला, त्यानं गायकांना बोलावून बजावलं, की आजच्या दिवसाला शोभेल असं गा आणि शब्द लोकांना कळू देत. पुढं त्याच्या नावाची सहा आवाजांची मिस्सा १५६७ साली छापून आली. तिच्यातले ‘ग्लोरिया’ आणि ‘क्रेदो’ हे भाग ऐकले तर कळतं, सगळे आवाज शब्द एकत्र, स्पष्ट म्हणतात. (माझ्या आजीला लॅटिन मिस्सा अख्खी पाठ होती आणि अर्थ एका ओळीचाही ठाऊक नव्हता. मार्सेलसनं तिला काय म्हटलं असतं कोण जाणे.)

माझ्या भाषणात नसलेला पॅलेस्ट्रिना सरांना जास्त आवडायचा. १५३७ मध्ये रोमच्या सांता मारिया माज्जोरे चर्चच्या गाणाऱ्या मुलांच्या यादीत असलेला पोरगा. पुढं पोपच्या खासगी गायकवृंदात घेतलेला आणि काही महिन्यांतच, लग्न झालेलं असल्यामुळे, नव्या पोपनं काढून टाकलेला. मग रोगाच्या साथींनी भाऊ नेला, दोन मुलगे नेले, १५८० मध्ये बायको नेली. त्यानं धर्मगुरू होण्याच्या वाटेवर पाऊलही टाकलं, आणि बायको गेल्याच्या वर्षभरातच एका श्रीमंत विधवेशी लग्न केलं. तिच्या पहिल्या नवऱ्याचा फरच्या कातड्यांचा धंदा होता. हा तो धंदा बघू लागला आणि हाती पैसा येताच मिस्सांची, मोटेटांची (म्हणजे लॅटिन धार्मिक गाण्यांची) पुस्तकामागून पुस्तकं छापत सुटला. शंभराहून अधिक मिस्सा रचणारा माणूस सकाळी कातड्यांचा भाव करत असेल, हे सर इतक्या खुशीत सांगायचे, की मी भाषणात तेच घातलं. नंबर आला नाही. परीक्षकांना बहुधा बंदीची गोष्ट हवी होती.

आणखी एक गंमत सरांनीच दाखवली. तो रोममध्ये रचना करत होता तेव्हा आपल्या वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीजांची चर्चेस उभी होती आणि आपले वसईचे संत गोन्सालो गार्सिया इथं लहानाचे मोठे होत होते. मला तोवर वाटायचं, पॅलेस्ट्रिना फार लांबचा.

पवित्र शनिवारी आम्ही गायलो. मी अधीर झालो आणि सोप्रानोंच्या आधीच ‘सिकुत’ म्हणून मोकळा झालो. एकटाच, खणखणीत. सरांनी मान वर केली नाही. पाचवीतली पोरं आपल्या जागी बरोबर आली. बाहेर पडल्यावर सर म्हणाले, “अरे, त्यानं तुला चौथा ठेवला होता. चारशे वर्षांत कुणी बदललं नाही, तू बदललंस.”

तो कागद अजून माझ्याकडे आहे. शाई पुसट झालीय, पण बेसच्या ओळीवर सरांनी नंतर लाल पेन्सिलीनं लिहिलेलं दिसतं: थांब. आणि खाली दोन रेघा.