बाईंचं क्रियापद

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप आला आणि मी लगेच हो म्हणालो. सांगितलंय शाळेबद्दल लिहायला, पण मी लिहिणार इंग्रजीच्या बाईंबद्दल. कोणत्या बाई, हे आपल्या शाळेत कुणाला सांगायला नको. इतर गुरुजनांनी राग मानू नये, त्यांनीही शिकवलंच.

नववीत आमच्या वर्गातल्या दोघांना कार्यालयातून जगाचा नकाशा आणायला पाठवलं होतं. भूगोल जितका उशिरा सुरू होईल तितका बरा, म्हणून नकाशाची गुंडाळी खांद्यावर घेऊन स्वारी वरच्या व्हरांड्यातून मुंगीच्या पावलांनी येत होती. समोरून बाई आल्या. “आर यू डॉडलिंग ऑर लॉइटरिंग?” दोन्ही शब्द नवे. एकाने त्यातला वजनदार निवडला, “लॉइटरिंग, बाई!” झालं. सरांची परवानगी घेऊन बाई वर्गात शिरल्या आणि नकाशा गुंडाळलेलाच राहिला.

भिंतीला टेकून उगाच उभे असता तर ते लॉइटरिंग, बाई म्हणाल्या. त्यात काम नसतं आणि बघणाऱ्याला संशय येतो, म्हणून तर ‘नो लॉइटरिंग’ अशा पाट्या लावतात. तुम्ही काम करत होता, चालतही होता, पण रेंगाळत. हे डॉडलिंग.

मग फळा भरला. डॉडल अकर्मक. ‘ही डॉडल्ड द मॉर्निंग’ असं म्हणायचं नाही. ‘अवे’ जोडलं की मात्र कर्म चालतं, ‘ही डॉडल्ड अवे द मॉर्निंग’. कशापायी वेळ लावला ते ‘ओव्हर’ने सांगायचं, ‘डॉडल ओव्हर होमवर्क’. ‘फ्रिटर अवे’ म्हणजे वेळ किंवा पैसा थोडाथोडा करत फुकट घालवणं. ‘व्हाइल अवे’ला दोष चिकटत नाही, गाडी यायची असते आणि तोवरचा वेळ कसातरी काढायचा असतो. ‘प्रोक्रॅस्टिनेट’च्या पोटात लॅटिनमधला ‘क्रास’ म्हणजे ‘उद्या’ बसलेला. ही आपली चालढकल. असा माणूस दिवसभर कामात बुडालेला असू शकतो, फक्त करायचं ते काम सोडून! सगळ्यात आवडलं ते शेवटचं. सूर कानात रेंगाळतो, तिथे डॉडल लिहाल तर सूर आळशी ठरेल. तिथे ‘लिंगर’.

मी पुढे भाषांतराच्या व्यवसायात पडलो, पुरस्कारही मिळाले. एकदा यंत्राच्या माहितीपुस्तिकेचं कुणीतरी केलेलं भाषांतर तपासायला आलं. त्यात ‘इंजिन दोन मिनिटे आळशी ठेवावे’ अशी सूचना होती. मूळ शब्द ‘आयडल’, म्हणजे इंजिन सुरू, पण गाडी जागेवर. माझ्यासोबतची तरुण मंडळी हुशार आहेत, पण शब्द अडला की फोन काढतात आणि या सगळ्या क्रियापदांना तिथे बहुधा एकच अर्थ मिळतो, ‘वेळ वाया घालवणे’. अहो, कसा घालवणे?

मध्यंतरी शाळेत येऊन गेलो. तास आता पस्तीस मिनिटांचा झालाय म्हणे, आणि दुसऱ्याच्या तासाला शिरायची सोय नाही. बाई असत्या तर मुख्याध्यापकांशी भांडल्या असत्या. तेही इंग्रजीतून, आणि तास घेऊनच बाहेर पडल्या असत्या.