तुम्ही विचारलंत म्हणून: डेटाबेस शिकवताना सातबाराच का?

दर बॅचला कुणीतरी विचारतंच, सर, डेटाबेस शिकवताना बँक-बिंक सोडून सातबाराच का घेता? आधी हसून टाळायचो, आता लिहूनच टाकतो.

एकतर ओळखीचा कागद. गाव नमुना 7 म्हणजे जमीन कुणाची, 12 म्हणजे तिच्यात पिकतंय काय, दोन्ही जोडले की सातबारा. पण तो एकटा नसतो, मालक बदलला की आधी नमुना 6 मधे फेरफार पडणार, तो मंजूर झाला की मग सातवर नाव चढणार, आणि एका खातेदाराची सगळी जमीन एकत्र बघायची तर 8अ काढा. म्हणजे टेबलं, त्यांचे दुवे, झालेल्या बदलांची नोंद, सगळं तलाठ्याच्या दप्तरात कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीपासून होतंच.

खरं कारण मात्र आमची विहीर.

पारनेरकडच्या आमच्या रानात चार घरांत मिळून एक विहीर आहे. सातबाऱ्यावर इतर हक्कात फक्त चौथ्या हिश्श्याची एक ओळ. आता चौथा हिस्सा म्हणजे काय, पाणी वाटीनं मोजणार का? ते मोटारीच्या खोलीच्या दारावर खडूनं लिहिलंय. प्रत्येक घराला दोन दिवस, म्हणजे आठ दिवसांचा फेरा, आणि आठवडा सातचा, त्यामुळं पाळी दर फेऱ्याला एक वार पुढं सरकते. आईला आज वार कुठला ते पटकन सांगता येत नाही, पण आज पाणी कुणाचं हे झोपेतसुद्धा सांगेल. कांद्याची लागण, पाहुण्यांकडं जाणं, लग्नाला थांबायचं की जेवून निघायचं, सगळं त्या खडूवर. त्यात लाईट रात्रीची असली की बारा वाजता बॅटरी घेऊन बांधावर. सरकारी कागदात यातलं काहीच नाही आणि तरी त्याच एका ओळीतून हे सगळं उगवलंय.

2021 पासून ई-पीक पाहणी आलीय, पीक आपणच मोबाईलवर नोंदवायचं, शेतात उभं राहून फोटोसकट. आमच्याकडं बाजरीत तुरीच्या काकऱ्या असतात. आईनं फोटो काढला तर त्यात नुसती बाजरीच, तूर खाली गुडघ्याएवढी, कुठली दिसायला! जुन्या बाराच्या नमुन्यात मिश्र पिकाचा रकाना होता, त्यात घटक पिकं वेगळी लिहायची सोय. ज्यानं कुणी तो आखला त्यानं बाजरी-तूर बघितली असणार असं मला उगाच वाटतं.

अजून एक, आणि हे मी शेवटच्या तासाला सांगतो. सातबाऱ्यावरचं नाव उडवत नाहीत, त्याला कंस करतात, वाचता येतं पण हक्क नाही. मुलं म्हणतात, सॉफ्ट डिलीट, म्हणजे नोंद पुसायची नाही, नुसती रद्द अशी खूण करायची! बरोबरे. आजोबा गेल्यावर वारस नोंदीत दोन्ही आत्यांची नावं चढली आणि त्याच वर्षी हक्कसोड पत्रानं दोघी कंसात गेल्या. राजीखुशीनं, असं कागद म्हणतो. मी तेव्हा दहावीत होतो, मला कुणी विचारलं नाही, त्यांनाही किती विचारलं असेल देव जाणे.

धाकटी आत्या दिवाळीला आली की पिशवी ओट्यावर ठेवायच्या आधी विचारते, आज पाणी कुणाचंय रे?