भूर्जाचे तुरे आणि एप्रिलची कोरडी हवा

जळगाव-धुळ्याहून जर्मनीला निघालेल्या पोरांच्या बॅगेत बिबडे, कळण्याचं पीठ, कानटोपी, लोकरीचे मोजे सगळं असतं. तयारी सगळी थंडीची. पण इथे डोळ्यांतून पाणी काढणारा महिना जानेवारी नव्हे, एप्रिल. ऊन पडतं, झाडं परागकण सोडायला लागतात आणि शिंका सुरू होतात. घरी फोनवर सांगितलं की उत्तर ठरलेलं: "सर्दी झाली असेल, वाफ घे." ही ती सर्दी नव्हे, ही परागकणांची ॲलर्जी. ताप नसतो, नाक पाण्यासारखं पातळ वाहतं, डोळे आणि टाळू खाजतात, आणि दिवसभर पाऊस लागला की एकदम बरं वाटतं. या शेवटच्या खुणेतच सगळं गणित आहे.

यातलं मुख्य झाड बर्च, म्हणजे भूर्ज. ज्याच्या सालीवर जुन्या पोथ्या लिहिल्या गेल्या, तो हिमालयातला भूर्ज याचाच भाऊबंद. पांढऱ्या सालीचं हे देखणं झाड इथे रस्त्याच्या कडेला, शाळेच्या आवारात, सगळीकडे दिसतं. फांद्यांच्या टोकांना बोटाएवढे तुरे लोंबतात आणि एका तुऱ्यात सुमारे ५० लाख परागकण असतात. हे तुरे आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात आणि हिवाळाभर घट्ट मिटून राहतात. म्हणून मागचा उन्हाळा उबदार गेला असेल तर यंदा तुरे जास्त. शिवाय आंब्यासारखं यालाही एक वर्ष भरघोस, एक वर्ष हलकं, असं बऱ्याचदा असतं.

तुरा म्हटलं की खान्देशातल्या माणसाला मका आठवणार, आणि हे समजायला मक्याइतकं चांगलं उदाहरण नाही. पहाटे दव असताना मक्याचा तुरा तळहातावर झटका, जवळजवळ काही पडत नाही. नऊ-दहाच्या सुमारास दव वाळलं की त्याच तुऱ्यातून पिवळी धूळ झडते. परागकोशाची भिंत वाळली की आकसते आणि फाटते. ओली असेपर्यंत मिटलेली राहते. भूर्जाचंही हेच. ऊब तुरा पिकवते, पण तो उघडते ती कोरडी हवा. म्हणून नुसतं तापमान बघून घराबाहेर पडणारा फसतो. १८ अंशांचा ढगाळ, दमट दिवस सोसवतो. १४ अंशांचा लख्ख, कोरडा, वाऱ्याचा दिवस हैराण करतो.

मका आणि भूर्ज यांत फरक आहे तो वजनाचा. मक्याचा परागकण जाड, स्थिर हवेत सेकंदाला साधारण २५ सेंटीमीटर वेगाने खाली येतो. दोन मीटर उंचीवरून सुटला तर आठ सेकंदांत जमिनीवर. सेकंदाला तीन मीटर वारा धरला तरी २५ मीटरच्या आतच पडणार. भूर्जाचा कण मक्याच्या चौथाई जाडीचा, सेकंदाला जेमतेम एक सेंटीमीटर उतरतो. दहा मीटर उंचीवरून खाली यायला त्याला सोळा-सतरा मिनिटं लागतात, तेवढ्यात तोच वारा त्याला तीन किलोमीटर नेतो. आणि तापलेल्या जमिनीवरून वर उठणाऱ्या हवेत सापडला तर शेकडो किलोमीटर. फिनलंडमध्ये तिथली झाडं फुलायच्या आधीच दक्षिणेकडून भूर्जाचे परागकण येऊन पोचतात. अंगणातलं झाड तोडून प्रश्न सुटत नाही, तो यामुळे. (केळीला फळ धरायला परागकणच लागत नाहीत, त्यामुळे रावेर-यावलच्या बागांत वाढलेल्यांना हा विषय नवा वाटला तर नवल नाही.)

हंगामाचा क्रम असा: हेझल आणि आल्डर ही झाडं जानेवारी-फेब्रुवारीतच, हवा जरा सौम्य झाली की सुरू होतात. मार्चअखेर ते एप्रिल भूर्ज. मे ते जुलै गवतं. मार्चमध्ये थंडी लांबली तर हंगाम टळत नाही, तुंबतो. पिकलेले तुरे थांबून राहतात आणि पहिले दोन-तीन उबदार कोरडे दिवस मिळाले की सगळे एकदम उघडतात. सर्वांत वाईट दिवस हेच.

पावसाचं नीट समजून घ्या. तासन्‌तास चालणारी संथ रिपरिप हवा धुऊन काढते आणि तुरेही मिटलेले ठेवते. पाच मिनिटांची सर फारसं काही करत नाही; उलट ऊन परतलं की वाळलेले तुरे पुन्हा उघडतात. वादळी पावसाचा तर पहिला अर्धा तास धोक्याचा. वरून खाली येणारा वारा परागकण जमिनीलगत आणतो, आणि ओलाव्याने कण फुगून फुटले की त्यातले बारीक तुकडे थेट फुप्फुसापर्यंत जातात. २१ नोव्हेंबर २०१६ ला मेलबर्नमध्ये राय गवताच्या परागकणांमुळे असंच घडलं. हजारो लोकांना दम्याचा त्रास झाला आणि दहा जणांचा जीव गेला. दमा असेल तर गडगडाट ऐकताच आत या, खिडक्या लावा.

वाऱ्याची दिशा बघायची सवय लावा. जर्मनीत पश्चिमेचा वारा समुद्रावरून ओल आणतो. वसंतातला पूर्वेचा वारा कोरडा असतो आणि पोलंडकडचे परागकण सोबत आणतो.

खिडकी कधी उघडायची हे गाव की शहर यावर ठरतं. खेड्यात सकाळी परागकण जास्त, म्हणून हवा खेळवायची ती संध्याकाळी ७ ते मध्यरात्र. शहरात उलट: दिवसा वर गेलेले कण संध्याकाळी हवा गार होताना खाली उतरतात, म्हणून पहाटे ६ ते ८ बरं.

जर्मन हवामान खातं रोज ० ते ३ असा परागकण निर्देशांक देतं. भूर्जासाठी घनमीटर हवेत दिवसाला सरासरी ५० च्या वर कण म्हणजे ३. मोजणीचं यंत्र मिनिटाला दहा लिटर हवा ओढतं आणि फिरत्या चिकट पट्टीवर कण गोळा करतं. मग कोणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजतं. म्हणजे जुन्या पद्धतीची मोजणी कालची असते. आजचा अंदाज आणि खिडकीबाहेरचं आकाश, दोन्ही बघा.

पहिल्या एप्रिलमध्ये काही झालं नाही म्हणून निर्धास्त राहू नका. शरीराला ही ॲलर्जी जडायला एक-दोन हंगाम लागू शकतात. त्रास ठरलेला असेल तर नाकातला स्टेरॉइड स्प्रे हंगामाच्या आठवडा-दोन आठवडे आधी डॉक्टरांना विचारून सुरू करावा; शिंका आल्यावर मारलेला पहिला फवारा लगेच पूर्ण काम करत नाही. सेटिरिझिन ही ॲलर्जीची गोळी इथे औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, पण झोप येऊ शकते. रात्री केस धुऊन झोपा, बाहेरचे कपडे झोपायच्या खोलीत काढू नका. आई-बाबा एप्रिलमध्ये भेटायला येतात तेव्हा गच्चीच्या सवयीने बाल्कनीत चादरी वाळत घालतात. तेवढं टाळा, ओल्या कापडावर परागकण हमखास चिकटतात आणि रात्रभर नाकाशी राहतात.

सफरचंद किंवा कच्चं गाजर खाताना ओठ-घसा खाजला तर तोही भूर्जाचाच प्रताप. त्यांच्यातलं प्रथिन भूर्जाच्या परागकणांतल्या प्रथिनासारखं असतं. ते उष्णतेने मोडतं, त्यामुळे शिजवलेलं सफरचंद किंवा गाजराचा हलवा बहुतेकांना चालतो.